लुट्झ फानेनश्टील : सहा महासंघांचा गोलरक्षक

लुट्झ फानेनश्टील (जन्म : १२ मे १९७३, झ्वीझेल, बव्हेरिया) हे जर्मन गोलरक्षक. ‘फिफा’च्या सहाही खंडीय महासंघांच्या क्षेत्रांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेले पहिले खेळाडू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. विक्रम भव्य वाटतो खरा. पण तो वीसहून अधिक क्लबांशी झालेल्या अल्पमुदतीच्या करारांतून उभा राहिला आणि त्यांतील अनेक क्लबांची नावे त्यांच्या देशाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

बायर्न म्युनिकच्या हौशी संघात जाण्याऐवजी त्यांनी विशीतच मलेशियातील पेनांगची वाट धरली. पुढे विम्बल्डन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश क्लबांत प्रवेश मिळाला. मुख्य संघातून लीग सामना मात्र मिळाला नाही. गोलरक्षकाचे हे जुनेच दुखणे. संघात जागा एकच असते आणि ती मिळवलेला खेळाडू सहसा वर्षानुवर्षे हलत नाही. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर बसून राहायचे की जिथे जागा असेल तिथे जायचे, एवढाच पर्याय उरतो. फानेनश्टील जात राहिले : फिनलंड, सिंगापूर, न्यूझीलंड, नॉर्वे, कॅनडा, अल्बेनिया. नॉर्वेचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो, तर दक्षिण गोलार्धातील न्यूझीलंडचा उन्हाळा त्यानंतर सुरू होतो. एकाच वर्षात दोन्हीकडे रोजगार मिळणे त्यामुळे शक्य होते.

या भटकंतीची किंमतही मोठी होती. सिंगापूरमध्ये गेलांग युनायटेडकडून खेळत असताना सामनानिश्चितीच्या आरोपाखाली ते २००१ मध्ये दोषी ठरले व १०१ दिवस तुरुंगात राहिले. आपण निर्दोष असल्याचे त्यांनी सातत्याने सांगितले आहे. परक्या देशात, बड्या क्लबचे पाठबळ नसलेल्या खेळाडूच्या वाट्याला अशा वेळी येणारे एकाकीपण त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अंधारी बाजू ठरते.

२६ डिसेंबर २००२ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड पार्क अॅव्हेन्यूसाठी हॅरोगेट टाऊनविरुद्ध खेळताना प्रतिस्पर्धी आघाडीपटूशी धडक होऊन मैदानावरच त्यांचा श्वास तीनदा थांबला. संघाच्या फिजिओने कृत्रिम श्वास देऊन त्यांना वाचवले. त्यानंतरही ते पुन्हा गोलजाळ्यासमोर उभे राहिले.

२००८ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातील हेर्मान आयचिंगर या छोट्या क्लबातून खेळल्यावर सहावा महासंघ पूर्ण झाला. नामिबियातील विंडहुकच्या रॅम्बलर्स क्लबकडूनही ते खेळले. ‘उनहाल्टबार’ हे त्यांचे आत्मकथन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हवामान बदलाविषयी जागृती करणाऱ्या ‘ग्लोबल युनायटेड’ या उपक्रमाचे ते संस्थापक होत. निवृत्तीनंतर त्यांनी हॉफेनहाइमसाठी खेळाडू हेरण्याचे काम केले. पुढे फोर्टुना ड्युसेलडॉर्फ आणि अमेरिकेतील सेंट लुईस सिटी या क्लबांत ते क्रीडा संचालक झाले.