पाच इंची पडद्यावरचे टेनिस

१९५८ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पाहुण्यांची रीघ लागली होती. अणुसंशोधनाचे हे ठिकाण लोकांना पाहण्यासाठी खुले केले होते. पण माणसांची रांग लागली ती एका एवढ्याशा काचेच्या पडद्यापुढे! पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली उभी रेघ म्हणजे जाळे, आणि इकडून तिकडे उसळणारा प्रकाशाचा ठिपका म्हणजे चेंडू.

ही करामत विल्यम हिगिनबॉथम यांची. प्रयोगशाळेतल्या गणकयंत्राच्या माहितीपुस्तकात बंदुकीच्या गोळीचा, क्षेपणास्त्राचा आणि उसळत्या चेंडूचा मार्ग काढण्याची रीत दिलेली होती. तिघांतून त्यांनी चेंडू उचलला! आराखडा त्यांचा, जुळणी रॉबर्ट ड्वोरॅक यांची; सुमारे तीन आठवड्यांत यंत्र उभे राहिले.

पडदा होता ऑसिलोस्कोपचा, जेमतेम पाच इंची. नळीच्या मागून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या काचेवर आदळला की तिथे उजळते. एका विद्युतदाबाने झोत डावी-उजवीकडे वळतो, दुसऱ्याने वर-खाली. जुन्या काचनळीच्या टीव्हीत झोत शेतातल्या नांगरासारखा तासामागून तास काढत सारा पडदा भरून काढी. इथे तो मुक्तहस्त रांगोळी काढणाऱ्या बोटांसारखा हवा तिकडेच फिरे. मैदान, जाळे, चेंडू पाळीपाळीने, पण इतक्या झपाट्याने उमटत की डोळ्यांना तिन्ही एकदमच दिसावीत. खेळाडूच्या हाती एक खुंटी नि एक बटण. खुंटीने फटक्याची दिशा ठरवायची, बटणाने चेंडू टोलवायचा. पुढल्या वर्षी पडदा मोठा झाला, आणि चंद्रावर किंवा गुरूवर चेंडू कसा उसळेल तेही दिसू लागले.

हिगिनबॉथम यांनी पेटंट घेतले नाही. त्यात विशेष असे त्यांना काही वाटलेच नाही, आणि त्याचे नवल करण्याचे कारण नाही. या गृहस्थांनी युद्धकाळात आधी रडारचे पडदे घडवले होते आणि मग लॉस अलामोसला पहिल्या अणुबॉम्बच्या स्फोटाची वेळ साधणारी विद्युतरचना केली होती. युद्ध संपल्यावर अण्वस्त्रांना लगाम घालण्यासाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. आपली आठवण राहावी ती या कार्यासाठी, अशी त्यांची इच्छा होती. १९९४ साली ते वारले. आज जग त्यांना ओळखते ते मात्र त्या ठिपक्यामुळे.

खेळ मोडून त्याचे भाग केव्हाच दुसऱ्या कामी लागले होते. १९९७ साली प्रयोगशाळेच्या पन्नाशीनिमित्त तो पुन्हा जुळवायला घेतला, तेव्हा जुने सुटे भाग मिळवता मिळवता तीन महिने गेले.