हौशी वादकाची पेटी

वाद्यांचा इतिहास बहुधा गुणिजनांच्या अनुषंगानें सांगितला जातो. बीन म्हटली कीं बीनकारांचीं घराणीं आठवतात, सारंगी म्हटली कीं नामांकित सारंगिये आठवतात. परंतु वाद्याचें सारें आयुष्य कांहीं मैफलींत जात नाहीं. एखादा कारकून, एखादा शाळामास्तर किंवा एखादा मालगुजार जें वाद्य स्वतःच्या पैशानें विकत घेतो, दिवसाचें काम आटोपल्यावर वाजवितो आणि प्रसंग आला म्हणजे दुसऱ्याच्या हवालीं करितो, त्या वाद्यालाहि इतिहास असतोच. तो सहसा लिहिला जात नाहीं, इतकेंच. आज अशा एका वाद्याविषयीं आपणांशीं बोलावयाचें आहे. तें वाद्य म्हणजे हौशी माणसाची पेटी, अर्थात् हार्मोनियम. विद्वानांनीं तिला परकी ठरविलें, शास्त्रज्ञांनीं बेसूर ठरविलें, आणि सरकारी नभोवाणीनें तर तिला एकतीस वर्षें दाराबाहेर उभें केलें. तरीहि ती आपल्या घरांतून हलली नाहीं. असें कां झालें, हाच आजच्या भाषणाचा प्रश्न.

पेटीचें जन्मस्थान पॅरिस. तेथील आलेक्सांद्र दबँ या कारागिरानें सन १८४२ मध्यें हार्मोनियम या वाद्याचें एकस्व मिळविलें. तिच्यामागील कल्पना मात्र फार जुनी आहे. धातूच्या चौकटींतील फटीवर एका टोकानें जखडलेली पातळ जीभ वाऱ्यानें थरथरूं लागली म्हणजे तिच्यांतून नाद निघतो. चीनमधील शेंग हें पुरातन वाद्य याच तत्त्वावर चालतें. पेटींतील ही जीभ पितळेची असते, आणि पेटीवाले तिलाच ‘सूर’ म्हणतात. युरोपांतील हार्मोनियम खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनीं भाता हलवून आणि दोन्ही हातांनीं वाजवावयाची असे. मिशनरी मंडळींबरोबर ती हिंदुस्थानांत आली. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं सन १८७५ मध्यें द्वारकिन नांवाची पेढी काढली, आणि पुढें त्यांच्याच हातून हातपेटीचा प्रकार पुढें आला. भाता पाठीमागें गेला, पाय गळाले, आणि पेटी जमिनीवर उतरली.

या फेरफाराचें महत्त्व लक्षांत घेण्यासारखें आहे. एक हात भात्याकडे गेला म्हणजे वाजविण्यास एकच हात उरतो. पाश्चात्य वादकाला हें मोठें नुकसान वाटेल, कारण त्याच्या संगीतांत अनेक स्वर एकाच वेळीं वाजवावे लागतात. आपलें संगीत एका स्वरामागून दुसरा स्वर असें चालतें. त्याला एक हात पुरतो. शिवाय बैठकीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला ही पेटी सोयीची, ती दोन हातांनीं उचलतां येते, आणि तंबोऱ्याप्रमाणें दर बैठकीस तारा जुळवीत बसावें लागत नाहीं. संसारी माणसाला संध्याकाळचा अर्धा तास मिळाला, तर तो सगळाच्या सगळा वाजविण्यांत जातो. हौशी वादक पेटीकडे वळला त्याचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण आपल्या रंगभूमीनें पुरविलें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. पुढें या नाटकांच्या साथीस पायपेटी आणि ऑर्गन आले. नाटक पाहून परतलेल्या प्रेक्षकाच्या ओठांवर पद असे. तें घरीं म्हणून पाहावयाचें तर स्वराचा आधार हवा, आणि तो आधार पेटी देई. ‘मानापमान’ नाटक सन १९११ मध्यें आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि गोविंदराव स्वतः पेटीचे थोर वादक. साथीला बसणारें हें वाद्य स्वतंत्रपणें ऐकावें अशा योग्यतेचें आहे, हें ज्यांनीं महाराष्ट्रास पटविलें त्यांत त्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

आतां हें सर्व कोल्हापूर-पुण्याचें झालें. वैनगंगेच्या कांठीं काय होतें? भंडारा हा तळ्यांचा, भाताचा आणि पितळी भांड्यांचा मुलूख. वरठी येथील भंडारा रोड हें स्थानक मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, आणि पेटीच्या इतिहासांत हा योग दुर्लक्षून चालणार नाहीं. या मार्गाच्या पूर्व टोकास पेट्या करणारें कलकत्ता, पश्चिम टोकास संगीत नाटकांचा मोठा आश्रय असलेली मुंबई, आणि मध्यें हें स्थानक. जिल्ह्याच्या गांवांत गाण्याची आवड तर मूळचीच होती. झाडीपट्टींत दंडार आणि खडी गंमत हे लोकांचे आपले खेळ. धान घरांत आलें कीं शंकरपटाच्या निमित्तानें रात्र-रात्र चालणारीं नाटकें. आणि गांवोगांवचीं भजनी मंडळें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं खंजिरीच्या तालावर विदर्भाला भजनाचा जो छंद लाविला, त्यानें या मंडळांत नवा जीव ओतला. अशा मंडळांत खंजिरी, टाळ आणि मृदंग यांच्या जोडीला पेटी येऊन बसली. झाडीपट्टीच्या नाटकांत तर ऑर्गनाचा आवाज, इतर ठिकाणीं तो मावळल्यावरहि, दीर्घकाळ टिकून राहिला.

अशा मुलुखांत पेटी ही केवळ एका घराची वस्तु राहत नाहीं. सप्ताह असला कीं ती देवळांत जाते, नाटक असलें कीं मांडवांत जाते, आणि कधीं मालकासह, कधीं मालकावांचून गांव फिरून येते. म्हणूनच तिच्या खरेदी-विक्रीचेंहि एक स्वतंत्र शास्त्र हौशी लोकांत तयार झालें. नवी पेटी घेण्याची ऐपत थोड्यांची; बहुतेकांची पहिली पेटी कोणाची तरी जुनी पेटी असते. धान्य चांगलें पिकलें म्हणजे घ्यावी, मुलीचें लग्न निघालें किंवा बदली झाली म्हणजे काढावी, असा तिचा प्रवास.

जुनी पेटी पाहणारा जाणता गिऱ्हाईक आधीं लाकडाची चकाकी पाहत नाहीं. तो एकहि पट्टी न दाबतां भाता भरतो आणि थांबतो. भाता सावकाश बसला तर पेटी घट्ट आहे. झटकन बसला तर कोठेंतरी वारा गळतो आहे. मग तो एक-एक पट्टी दाबून ऐकतो. पेटींत सुरांच्या एक, दोन किंवा तीन ओळी असतात, आणि त्यांस आपल्या लोकांनीं मोठीं बोलकीं नांवें दिलीं आहेत: मधली नर, तिच्या वरच्या सप्तकाची मादी, आणि खालच्या सप्तकाचा खर्ज. खर्ज-नर अशी जोडी असलेल्या पेटीचा आवाज भारदस्त. खर्जाचा तो गंभीर नाद ऐकूं आला कीं खोली भरल्यासारखी वाटते. पुष्कळ गिऱ्हाइकांचें मन त्या खालच्या ओळीवरच बसतें. सूर जर्मन बनावटीचे निघाले तर विकणाऱ्याचा स्वर चढतो. आपल्याकडे सौराष्ट्रांतील पालिताणा हें सुरांच्या निर्मितीबद्दल प्रसिद्ध झालें.

विकत घेतल्यावर तिची निगा आलीच. पावसाळ्यांत लाकूड फुगतें आणि पट्ट्या अडकतात. भंडाऱ्याच्या पावसाचा हा प्रसाद प्रत्येक पेटीला मिळतो. उंदीर भात्याचें चामडें कुरतडतात, कसर लोकरीच्या पट्ट्या खाते. आणि सूर उतरला किंवा चढला, तर तो पुन्हां लावण्याची युक्ति अतिशय साधी, पण धैर्याची आहे. जिभेचें मोकळें टोक किंचित् खरवडलें कीं सूर चढतो. जखडलेल्या बाजूस खरवडलें कीं उतरतो. हात जरा अधिक चालला तर जीभ कमजोर होऊन तुटते. ज्या हौशी माणसानें हें काम एकदां केलें, त्याला स्वर म्हणजे काय वस्तु आहे हें पुस्तकावांचून कळतें.

येथवर पेटीची बाजू झाली. आतां फिर्यादीकडे वळूं, कारण फिर्याद खोटी नव्हती. पेटींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर अंश कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार हा तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षां सुमारें चौदा अंशांनीं चढा भरतो. तयार कानाला हा फरक स्पष्ट बोंचतो. मींड तर पेटीवर निघतच नाहीं, कारण एका पट्टीपासून दुसरीकडे घसरत जाण्यास मध्यें वाटच नाहीं. आनंद कुमारस्वामी यांनीं या शतकाच्या मागच्या शतकांत, सन १९०९ च्या सुमारास, ग्रामोफोन आणि हार्मोनियम या दोहोंवर कठोर टीका केली, ती याच भूमिकेवरून. रवींद्रनाथांनीं आपल्या आश्रमांतून पेटीला रजा दिली होती.

हा दोष दूर करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला, आणि तो एका हौशी अभ्यासकानें आरंभिला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ त्यांनीं सन १९१० मध्यें प्रसिद्ध केला. जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स हे त्यांना सहकारी मिळाले; अब्दुल करीम खांसाहेबांचें साहाय्य लाभलें; आणि बावीस श्रुतींची पेटी विलायतेंत तयार करविण्यांत आली. सन १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें मांडली गेली. पण ती प्रचारांत आली नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें सुधारलेलें हें वाद्य हाताच्या दृष्टीनें अवघड होतें. आणि ज्याला दिवसाचा अर्धा तास मिळतो, तो अचूक पण न वाजणाऱ्या पेटीपेक्षां वाजणारी पेटी पत्करतो.

मग नभोवाणीचा निर्णय आला. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फाउल्ड्स यांनीं सन १९३८ मध्यें पेटीविरुद्ध लेख लिहिला, आणि १ मार्च १९४० पासून अखिल भारतीय नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. नागपूर केंद्र सुरू झालें १६ जुलै १९४८ रोजीं, म्हणजे बंदीला आठ वर्षें लोटल्यावर. यामुळें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. नागपूर केंद्रावरून जें गाणें ऐकूं येई त्याच्या साथीस पेटी नसे. आणि तेंच गाणें घरीं बसवून पाहूं इच्छिणारा हौशी श्रोता तें पेटीवरच बसवूं लागे. सन १९७१ मध्यें हा निर्बंध शिथिल झाला आणि पुढें टप्प्याटप्प्यानें पेटी नभोवाणीवर रुळली. परंतु घरांतून तिला कोणी घालविलें नव्हतें, म्हणून घरीं परत आणण्याचा प्रश्नच नव्हता.

यावरून विद्वान् चुकले असें कोणी समजूं नये. चौदा अंशांचा फरक आजहि चौदा अंशांचाच आहे, आणि ज्यानें लहानपणापासून केवळ पेटीवर कान तयार केला, त्याला खरा गंधार ऐकतांना क्षणभर अडखळल्यासारखें होतें. विद्वानांनीं पेटीकडे गवयाची साथीदार म्हणून पाहिलें, आणि त्या पदावर तिला उणी ठरविलें. घरच्या माणसानें तिला तें पद दिलेंच नव्हतें. त्याच्या दृष्टीनें ती मुलांना सरगम शिकविणारी पंतोजी होती, भजनाला एकत्र सूर देणारी होती, आणि एकट्या संध्याकाळीं उत्तर देणारी होती. या तीन कामांसाठीं श्रुतींच्या सूक्ष्मतेपेक्षां सदैव तयार असणें अधिक उपयोगी पडतें. पेटीचें भवितव्य परिषदांत आणि कचेऱ्यांत ठरलें नाहीं. तें या घरांत ठरलें.

आज विजेचा तंबोरा सर्वत्र मिळतो, मुलांच्या हातांत विजेचे कीबोर्ड आले आहेत, आणि जुन्या पेटीचें गिऱ्हाईक हातांतील दूरध्वनीवरूनहि सांपडतें. तरी हौशी वादकाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पेटी वाजवितांना जवळ तंबोरा लावावा, म्हणजे कान पट्टीचा गुलाम होत नाहीं. आणि घरांत पेटी असून वाजविणारें कोणी उरलें नसेल, तर ती माळ्यावर ठेवूं नये. न हलणारा भाता कडक होऊन चिरतो, न वाजणाऱ्या सुरांवर धूळ बसून ते मुके होतात. अशी पेटी विकावी, किंवा गांवच्या भजनी मंडळास द्यावी. कित्येकांना आजोबांची पेटी विकणें म्हणजे आजोबांचा अव्हेर केल्यासारखें वाटतें. पण बहुधा आजोबांनींहि ती कोणाकडून तरी जुनीच घेतलेली असते, आणि त्या आधींच्या मालकानें ती दिली म्हणूनच आपल्या घरांत गाणें आलेलें असतें.