कफनाचे चार रुपये दोन आणे

इंदापुरात माझ्या दादींच्या पेटीच्या तळाशी कोरं कफन असे. गोधड्या शिवून जमवलेल्या पैशांतून घेतलेलं. आम्ही विषय टाळायचो, तर त्या म्हणत, "माझी मय्यत कुणाच्या उधारीवर नको."

शरीयतमध्येही मरहूमच्या स्वतःच्या मालातून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसियत. उरेल ते वारसांचं. पण माल स्वतःचा कशाला म्हणायचं?

१६३६ नंतर इंदापूर, बारामती, सुपे हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख आदिलशाहीत आला. त्या वेळच्या मुहम्मद आदिलशाहने हयातीतच स्वतःसाठी विजापूरला गोल घुमट बांधायला घेतला. १६५६ मध्ये तो तिथेच दफन झाला. नक्षीकाम अपुरंच राहिलं. घुमट पाहताना मान दुखते, पण तो उभा आहे रयतेच्या साऱ्यावर. हे मुलांना सांगावं लागतं.

औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ आपल्याच भीमेकाठी, खाली ब्रह्मपुरीला होती. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला. त्याच्या नावे चालत आलेल्या वसियतनाम्यात टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठी आहेत. कुराणाच्या नकलांचे ३०५ रुपये मात्र फकिरांना. खजिन्याला हात नाही. खुल्दाबादची कबर उघड्या आभाळाखाली आहे. संगमरवरी जाळी फार नंतरची. त्याच्या राजवटीचा हिशेब वेगळा, आणि तो मोठा आहे.

दादी गेल्या तेव्हा पेटी उघडली. कफनाखाली रुमालात कबर खोदणाऱ्यांची मजुरी बांधलेली होती.