ताऱ्याची चाल: एका मोजणीची कुळकथा

हिवाळ्यात जेवणं उरकून नांदेड-लातूरकडच्या शेतात उभं राहिलं, की आधी नजरेत भरतं ते मृगाचं तिकांडं. त्याची रेघ तशीच खाली डावीकडे वाढवली की व्याध सापडतो. हात पुढे लांब करून मूठ वळली तर आकाशातले साधारण दहा अंश झाकले जातात. व्याधापासून अशी एक मूठ नैर्ऋत्येला गेलं, की शशक तारकासमूहात आठव्या प्रतीचा एक तांबूस तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण बऱ्यापैकी द्विनेत्री असेल तर दिसतो. अंतर अवघं 19 प्रकाशवर्षं. ताऱ्यांच्या हिशेबात हा अगदी शेजारीच म्हणायचा. त्याचं नाव ग्लीझ 229.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह कसे शोधतात, असं विचारलं तर हल्ली शाळकरी मुलंही दोन रीती सांगतात. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, ही एक. ग्रहाच्या ओढीनं ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात, ही दुसरी. आज माहीत असलेल्या सहा हजारांवर ग्रहांपैकी बहुतेक याच दोन रीतींनी सापडले. पण या दोन्हींपेक्षा जुनी एक रीत आहे. तारा आकाशात नेमका कुठे आहे ते मोजायचं, काही वर्षांनी पुन्हा मोजायचं आणि फरक काढायचा. सांगायला सोपी असलेली ही रीत पार पाडायला अवघड, कारण पहिली मोजणी आणि शेवटची मोजणी एकाच माणसाच्या हातून होईल याची खात्री नसते. या रीतीच्या घराण्यात पुणं आहे, हैदराबाद आहे आणि कुरुंदवाडही आहे.

तारे स्थिर नाहीत हे एडमंड हॅली यांनी 1718 मध्ये दाखवलं, तेही जुन्या नोंदींच्या आधारे. ग्रीकांनी लिहून ठेवलेल्या जागांशी ताडून पाहिल्यावर व्याध, स्वाती आणि रोहिणी सरकलेले निघाले. ताऱ्याच्या या स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात. पुढे फ्रीडरिश बेसेल यांच्या लक्षात आलं, की व्याधाची चाल सरळ नाही, नागमोडी आहे. न दिसणारं काहीतरी त्याला इकडेतिकडे ओढत असणार, असं त्यांनी 1844 मध्ये मांडलं. 1862 मध्ये अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क नव्या दुर्बिणीची परीक्षा घेत असताना त्यांना व्याधाशेजारी तो फिकट सोबती दिसला. आधी चालीवरून ओळखलेला ऐवज नंतर डोळ्यांनी पाहायला मिळाला. न दिसणाऱ्या सोबत्याचा माग काढता येतो, हे इथून पक्कं झालं.

मग हाच माग ग्रहापर्यंत का नेऊ नये? हा विचार करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला हा अभियंता. 1840 च्या दशकात त्यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली आणि 1845 ते 1848 या काळात पुण्याहून पाहिलेल्या 244 जोडताऱ्यांची यादी तयार केली. नंतर ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. 1855 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की भुजंगधारी तारकासमूहातल्या 70 क्रमांकाच्या जोडताऱ्याची कक्षा हिशेबात बसत नाही आणि तिथे एखादा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, मोजमापावर उभा असलेला हा सर्वांत जुन्या दाव्यांपैकी एक. तो भारतातून झाला.

दावा टिकला नाही. जेकब यांना खोट दिसली होती हे खरं, पण ती ताऱ्याची नव्हती, मोजणीतली होती. विसाव्या शतकात हीच गत पीटर व्हान द काम्प यांची झाली. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं त्यांनी 1963 मध्ये सांगितलं. दहा वर्षांनी इतरांनी दुसऱ्या दुर्बिणींच्या फोटोंवर ताडून पाहिलं तेव्हा तारा सरळच चालत होता. त्यांच्या दुर्बिणीच्या दुरुस्त्यांच्या वेळी मात्र फोटोंतले तारे हलले होते. एकाची चूक पकडायलाही दुसऱ्याची नोंद लागते, हा या घराण्याचा रिवाजच आहे.

जेकब 1862 मध्ये पुन्हा भारतात आले. पुण्याजवळच्या डोंगरावर नऊ इंची दुर्बीण लावून तीन वर्षं वेध घ्यायचे, असा बेत होता. 8 ऑगस्टला ते मुंबईत उतरले आणि 16 ऑगस्टला पुण्यात वारले. डोंगरावरची वेधशाळा राहून गेली.

यानंतरचा धागा मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत सापडतो. 1887 मध्ये पॅरिसला खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि सगळ्या आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांची सूची करायचं ठरलं. जगभरातल्या वेधशाळांनी आकाशाचे आडवे पट्टे वाटून घेतले. दक्षिणेकडचा उणे 17 ते उणे 23 अंशांचा पट्टा चिलीतल्या सांतियागोकडे होता. तिथून काम होईना, तेव्हा तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. नवाब जफर जंग या हौशी उमरावानं 1901 मध्ये ही वेधशाळा उभारली होती. 1908 पासून ती संस्थान सरकारकडे होती. नांदेड तेव्हा निजामाचा जिल्हा, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. वेधशाळेचा खर्च संस्थानच्या तिजोरीतून व्हायचा आणि त्या तिजोरीत मराठवाड्याचा शेतसाराही पडायचा.

काम कसं चालायचं ते पाहण्यासारखं आहे. कुक कंपनीची आठ इंची दुर्बीण, मागे काचेची प्लेट. प्लेटवर आधीच बारीक रेघांची जाळी उमटवलेली असायची, दर पाच मिलिमीटरला एक रेघ. फोटो धुऊन झाला, की ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि प्रत्येक काळा ठिपका जवळच्या रेघेपासून किती दूर आहे ते मोजून वहीत लिहायचं. एक ठिपका झाला की दुसरा. काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला, अर्थात अंशाचा साठावा भाग. आर. जे. पोकॉक आणि त्यांच्यामागून टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत हा पट्टा मोजून झाला. तो आटोपल्यावर पॉट्सडॅमकडून राहिलेला उत्तरेचा एक पट्टाही हैदराबादनं घेतला. लाखो ताऱ्यांच्या जागा अशा हातानं मोजल्या गेल्या. मोजणाऱ्यांना त्यातून ग्रह सापडणार नव्हता आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ग्लीझ 229 हा तारा उणे 22 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे हैदराबादच्याच पट्ट्यात. त्याची निजगती चांगली जोरात आहे: वर्षाला सुमारे 0.73 विकला. साठ विकलांची एक कला. म्हणजे हैदराबादच्या काचेवर एक मिलिमीटर सरकायला त्याला ऐंशीएक वर्षं लागतात. माणसाचं अख्खं आयुष्य ताऱ्याच्या एका मिलिमीटरात बसतं.

आता कुरुंदवाड. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावचा, 1956 चा. वाढले हुबळीला, शिकले दिल्लीच्या आयआयटीत आणि पुढे बर्कलीला. 1982 मध्ये, विद्यार्थी असतानाच, डॉन बॅकर यांच्यासोबत त्यांनी सेकंदाला 642 फेऱ्या घेणारा स्पंदक तारा शोधला. इतका वेगवान स्पंदक तोवर कुणाला माहीत नव्हता. असे तारे घड्याळासारखे नेमके चालतात, त्यामुळे त्यांच्या ठोक्यातला बारीकसा फरकही लपत नाही. दहा वर्षांनी, 1992 मध्ये, अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी याच जातीच्या दुसऱ्या एका स्पंदकाच्या ठोक्यांतून ग्रह हुडकले. सूर्यमालेबाहेरचे पक्के ठरलेले पहिले ग्रह ते.

कुलकर्णी तोवर कॅल्टेकला प्राध्यापक होते. त्यांच्या गटानं जवळचे तारे एकेक करून पाहायला घेतले होते. अडचण उजेडाची. ताऱ्याच्या झगझगाटात शेजारची अंधूक वस्तू दिसणार कशी? त्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बनवलेलं, तारा झाकून ठेवणारं उपकरण पालोमारच्या 60 इंची दुर्बिणीला जोडलं होतं. ऑक्टोबर 1994 मध्ये ग्लीझ 229 झाकल्यावर त्याच्यापासून जेमतेम आठ विकलांवर एक फिकट ठिपका उमटला.

ठिपका दिसला म्हणून शोध लागला असं होत नाही. तो ठिपका कित्येक पट दूर असलेला, योगायोगानं त्याच दिशेला आलेला तारा असू शकत होता. इथे हॅली-बेसेलची विद्या कामी आली. तारा वर्षात पाऊण विकला सरकणार हे माहीत होतं. ठिपका मागच्या पडद्यावरचा असेल तर तारा पुढे जाईल, ठिपका जागीच राहील आणि दोघांतलं अंतर बदलेल. ठिपका ताऱ्याचा सोबती असेल तर तोही तेवढाच सरकेल. मग वर्षभर थांबणं आलं. शशक पुन्हा पहाटेच्या आकाशात वर आल्यावर दुसऱ्यांदा मोजलं, तर ठिपका ताऱ्याच्या जोडीनं चालत आलेला.

पालोमारच्याच 200 इंची दुर्बिणीनं वर्णपट घेतला, तेव्हा त्यात मिथेन दिसला. मिथेन ताऱ्याच्या उष्णतेत टिकत नाही. तो गुरूच्या वातावरणात असतो. म्हणजे हा तारा नव्हता. ग्रहही नव्हता, कारण त्याचं वस्तुमान गुरूच्या कित्येक पट होतं. ग्रह आणि तारा यांच्या मधली, हायड्रोजन पेटता ठेवू न शकणारी ही जात असावी असं शिव कुमार यांनी 1960 च्या दशकात गणितानं सांगितलं होतं. तपकिरी खुजा तारा, अर्थात ब्राउन ड्वार्फ. तादाशी नाकाजिमा, बेन ओपनहायमर, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी तो ऑक्टोबर 1995 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत जाहीर केला. त्याच परिषदेत मिशेल मेयर यांनी आपला आणि दिदिए केलो यांचा 51 पेगासी ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला, ज्यासाठी पुढे नोबेल मिळालं.

फोटोत पकडलेल्या ग्रहांना आजही हीच परीक्षा द्यावी लागते: ताऱ्याबरोबर चाललास का? एचआर 8799 या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह 2008 मध्ये फोटोत दिसले. लगेच कुणीतरी हबल दुर्बिणीचे 1998 चे फोटो नव्या रीतीनं धुंडाळले, तर त्यांतला एक ग्रह तिथे आधीच होता. दहा वर्षं तो कपाटात पडून होता म्हणा ना!

ग्लीझ 229 ची गोष्टही 1995 ला संपली नाही. हिपार्कस आणि गैया या दोन अंतराळ दुर्बिणींच्या मोजण्यांत पाव शतकाचं अंतर आहे. त्या जुळवून ताऱ्याच्या चालीतला बाक काढला आणि सोबत्याचं वजन निघालं गुरूच्या सुमारे 71 पट. एवढ्या वजनाच्या मानानं त्याचा उजेड फारच कमी होता. उलगडा 2024 मध्ये झाला: तो एक नव्हे, दोन आहेत. गुरूच्या 38 आणि 34 पट वजनाचे दोन खुजे तारे बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. चालीनं वजन सांगितलं नसतं तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

हैदराबादच्या वह्याही वाया गेल्या नाहीत. 2000 साली टायको-2 ही सूची निघाली. तिच्यात हिपार्कस उपग्रहाच्या मोजण्यांना त्या जुन्या काचांवरच्या मोजण्यांची जोड दिली आणि 25 लाख ताऱ्यांच्या निजगती ठरवल्या. उपग्रहाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी त्याच्याकडे मागची सत्तर-ऐंशी वर्षं नव्हती. ती हैदराबादसारख्या वेधशाळांनी दिली. आणि जेकब यांची रीत 2025 मध्ये खरी ठरली: गैयानं ताऱ्याच्या डुलण्यावरून हेरलेला गैया-4बी हा ग्रह वर्णपटानंही पडताळून पक्का झाला. वस्तुमान गुरूच्या बारा पट, वर्ष 570 दिवसांचं.

गैयाचं काम जानेवारी 2025 मध्ये थांबलं. तिची सूची कुणालाही फुकट पाहता येते. नांदेड-लातूरच्या कॉलेजातल्या पोरापोरींनाही. 70 भुजंगधारी ही जेकब यांची जोडी मराठवाड्याच्या मे महिन्यात, ऐन कोरड्या आकाशात, मध्यरात्री चांगली वर असते आणि लहान दुर्बिणीतही सुटी दिसते. 88 वर्षांची एक फेरी, म्हणजे जेकब यांच्या दाव्यानंतर तिच्या जवळपास दोन फेऱ्या झाल्या. तिच्यातल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर आणि कोन मोजून तारीख घालून पाठवले, तर जोडताऱ्यांच्या जागतिक सूचीत अशा हौशी मोजण्या आजही दाखल करून घेतात.