लोणी काळभोर आणि व्हॉल्व्ह रेडिओचे अंतरंग

फिलिप्स कंपनीने 1930 मध्ये कोलकात्यातून भारतात व्यवसाय सुरू केला, तेव्हा ती परदेशी दिवे विकत असे. रेडिओची निर्मिती तेथे 1948 मध्ये सुरू झाली. पुढे 1959 मध्ये कंपनीचा दुसरा रेडिओ कारखाना पुण्याजवळ उभा राहिला आणि सोलापूर रस्त्यावरील, हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे गाव रेडिओनिर्मितीशी जोडले गेले. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 मध्ये, तर विविध भारती 1957 मध्ये सुरू झालेली असल्याने या काळात रेडिओला मराठी घरांत मोठी मागणी होती, आणि तो घरात ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागत असे.

त्या काळचे संच व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात काचनळीत तापलेल्या तंतूमुळे इलेक्ट्रॉनचा प्रवाह निर्माण करणाऱ्या भागावर, चालत. व्हॉल्व्हच्या नावातच त्याची ओळख असे : ‘ईसीएच 81’ मधील ‘ई’ म्हणजे तंतूला 6.3 व्होल्ट, तर ‘सी’ आणि ‘एच’ म्हणजे एकाच काचेत बसवलेले दोन वेगळे व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह आलेल्या लहरीत संचातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळून सुमारे 450 ते 470 किलोहर्ट्झची मध्यम लहर तयार करी. ‘यू’ने सुरू होणाऱ्या मालिकेत मात्र तंतू एकापुढे एक जोडून थेट घरातील विजेवर तापवले जात, अशा अनेक संचांत ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे चासी, म्हणजे भाग बसवलेला धातूचा सांगाडा, विजेच्या एका तारेला जोडलेला असे आणि उघड्या संचाला हात लावणे धोक्याचे ठरे.

जुन्या संचाच्या दुरुस्तीत व्हॉल्व्हपेक्षा कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, अधिक दगा देतात. फिल्टर कंडेन्सरमधील ऑक्साइडचा पातळ थर अनेक वर्षे वीज न मिळाल्याने क्षीण होतो, आणि संच एकदम विजेला जोडला तर त्यातून मोठा प्रवाह वाहून रेक्टिफायर व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर जळू शकतात; म्हणून जाणकार कारागीर आधी सिरीजमध्ये दिव्याचा बल्ब लावून प्रवाह मर्यादित ठेवतो. दुसरा नाजूक भाग म्हणजे ध्वनिवर्धक ‘ईएल 84’ व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे, म्हणजे त्यातील प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीकडे, आवाजाचा संकेत पोहोचवणारा कागदी कंडेन्सर. तो गळू लागला की ग्रिडवर नको तो धन व्होल्टेज चढतो, व्हॉल्व्ह तापत जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येतो. त्यामुळे बाकी भाग तपासण्याआधी हा कंडेन्सर बदलणे शहाणपणाचे असते. मध्यम लहरीच्या ट्रान्सफॉर्मरमधील मेणाने घट्ट केलेले गाभे मात्र मोजमापाच्या उपकरणाशिवाय फिरवू नयेत, कारण कारखान्यात जुळवलेली सुसूत्रता एकदा बिघडली की अंदाजाने परत येत नाही.

संग्राहक लाकडी पेटीला नवे पॉलिश देतात, पण कारखान्याच्या कामाची खरी नोंद चासीवरच्या जोडणीत, तारांच्या मांडणीत आणि भागांवर छापलेल्या अक्षरांत राहते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून देशातच व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. त्यामुळे कोणता व्हॉल्व्ह कुठला, हेही त्या नोंदीत येते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने बदललेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून संचाबरोबरच ठेवावा, आणि माळ्यावर सापडलेला रेडिओ तपासणीविना थेट विजेला लावण्याचा मोह टाळावा.