यकृताचा कर्करोग लवकर सापडला, म्हणजे आयुष्य वाढलं का?

"डॉक्टर, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतोय, म्हणजे आता काळजी नाही ना?" सिरॉसिसचे रुग्ण हमखास विचारतात. याचं उत्तर इतिहासात आहे.

१९६३ साली मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह यांना यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन (एएफपी) सापडलं. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना ते यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये आढळलं. १९७०च्या दशकात चीनमध्ये या रक्ततपासणीने लोकांची चाळणी सुरू झाली. छोट्या गाठी सापडू लागल्या आणि असे रुग्ण निदानानंतर जास्त जगताना दिसले.

पण इथे एक फसगत आहे. समजा, एखाद्याचा मृत्यू २०२० मध्ये होणार आहे. निदान २०१९ ला झालं तर तो एक वर्ष 'जगला', २०१६ ला झालं तर चार वर्षं! आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, फक्त आजार आधी कळला. म्हणून दोन गट करून मृत्यूच मोजावे लागतात.

चीनच्या छीतोंग भागात तेच केलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात असलेल्या ५,५८१ पुरुषांपैकी एका गटाची दर सहा महिन्यांनी एएफपी तपासणी झाली. कर्करोग लवकर सापडले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, कारण सापडल्यावर द्यायला प्रभावी उपचार नव्हते. शांघायमध्ये सुमारे १८,८०० लोकांच्या अभ्यासात एएफपीला सोनोग्राफीची जोड दिली. २००४ मध्ये निकाल आला: या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. मात्र अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले.

मग पुन्हा प्रयोग का नाही? ऑस्ट्रेलियात सिरॉसिसच्या रुग्णांना विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी चिठ्ठी टाकून गट ठरवायला नकार दिला. तपासणीविना कोण राहील?

म्हणून माझा सल्ला: सिरॉसिस असेल, किंवा हिपॅटायटिस बीमुळे धोका जास्त असेल, तर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. पुरावा पक्का नाही, पण छोट्या गाठीवर आज शस्त्रक्रिया, गाठ जाळणं, यकृत प्रत्यारोपण असे उपाय आहेत. मात्र तपासणी म्हणजे संरक्षण नव्हे. दारू बंद, विषाणूवर औषध आणि बाळाला हिपॅटायटिस बीची लस, खरं संरक्षण तिथे आहे.