गिनीपिगच्या पिल्लाची वाढ : वजनकाटाच खरे सांगतो

उंदराचे किंवा सशाचे पिल्लू जन्मतः आंधळे व केसरहित असते. गिनीपिगचे मात्र तसे नाही. ५९ ते ७२ दिवसांच्या दीर्घ गर्भकाळानंतर जन्मणाऱ्या या पिल्लाचे डोळे उघडे असतात, अंगावर केस व तोंडात दात असतात आणि दोन-तीन दिवसांत ते गवत कुरतडू लागते. ते स्वावलंबी झाले, असा समज त्यामुळेच होतो आणि आईपासून ते वेळेआधी तोडले जाते. वास्तविक किमान तीन आठवडे त्याला दूध मिळायला हवे.

जन्माच्या वेळी पिल्लाचे वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम असते. पहिल्या एक-दोन दिवसांत ते किंचित घटते. पुढे रोज तीन ते पाच ग्रॅमने वाढते. दूध तोडताना ते १८० ग्रॅमच्या आसपास असावे. तीन-चार महिन्यांत अर्धा किलोचा टप्पा येतो. पूर्ण वाढलेली मादी ७०० ते ९००, तर नर ९०० ते १२०० ग्रॅमचा होतो. दाट केसांमुळे रोडावलेले पिल्लूही गुबगुबीत दिसते. म्हणूनच स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर दर आठवड्याला, एकाच वेळी वजन करून नोंद ठेवावी. वाढ खुंटणे हे आजाराचे पहिले लक्षण असते.

खुंटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे क जीवनसत्त्वाची उणीव. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही. नॉर्वेच्या आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये याच प्राण्यात स्कर्व्ही घडवून दाखवला होता. सांधे सुजतात, पिल्लू हलेनासे होते. प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम, तर वाढत्या पिल्लाला त्याहून अधिक जीवनसत्त्व लागते. ढोबळी मिरची, कोथिंबीर व पेरूची लहानशी फोड यांतून ते मिळते. तयार खाद्यातील जीवनसत्त्व कालांतराने नष्ट होते. पनवेलच्या पावसाळी दमटपणात तर लवकरच. त्यामुळे पिशवी लहान घ्यावी व डबा घट्ट बंद ठेवावा.

मुख्य अन्न मात्र वाळलेले गवतच. दात आयुष्यभर वाढत असल्याने ते झिजायला हवेत. पनवेल परिसरात भाताचा पेंढा सहज मिळतो. पण तो अंथरायला ठीक, पोषणाला अपुरा. वाढत्या पिल्लांना लसूणघास चालतो; प्रौढांना त्यातील कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका असतो. बुरशी आलेले गवत तर कधीच देऊ नये. उन्हाळ्यात तापमान तिशीपलीकडे गेल्यास पिंजरा सावलीत, हवेशीर जागी हलवावा.

तिसऱ्या आठवड्यानंतर नर पिल्ले वेगळी करावीत, कारण मादी चार-सहा आठवड्यांतच गाभण राहू शकते आणि तिची स्वतःची वाढ मागे पडते. पिल्लाने दिवसभर खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. घरातील उरलेले प्रतिजैविक देऊ नये. पेनिसिलिन गिनीपिगला प्राणघातक ठरू शकते.